मत हे कोणाचे वतन नव्हे



निवडणूक संपली की आपल्या वस्तीत एक विचित्र शांतता पसरते. भोंगे थांबतात, भिंतींवरचे कागद उन्हात विटत राहतात, आणि काल दाराशी हात जोडून उभा असलेला मनुष्य आज भेटीसाठी वेळ मागावयास लावतो. सोलापूर महानगरपालिकेचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले, दुसऱ्या दिवशी मोजणी झाली आणि १०२ जागांच्या सभागृहात भारतीय जनता पक्षाने मोठे बहुमत मिळविले. कोण जिंकला व कोण हरला याचा हिशेब वृत्तपत्रांनी मांडलेला आहे. आम्हांस विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. त्या दिवशी तुम्ही जे मत दिले ते तुमचे होते काय? की ते तुमच्या नावाने दुसऱ्याच कोणी, तुम्ही केंद्रावर पोहोचण्यापूर्वी, देऊन टाकलेले होते?

हा प्रश्न कठोर वाटेल. पण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या राजकारणात जे घडले ते पाहिल्यावर तो टाळता येत नाही. २१ ऑक्टोबर २०१९ रोजी विधानसभेसाठी आपण मतदान केले. त्या एकाच मतावर तीन मंत्रिमंडळे उभी राहिली. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे एक, २८ नोव्हेंबरला दुसरे आणि ३० जून २०२२ रोजी तिसरे. जून २०२२ मध्ये शिवसेना दुभंगली, २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने धनुष्यबाण एका गटाच्या हाती दिला, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी घड्याळाचा निवाडा केला. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलाविणे समर्थनीय नव्हते असे सांगितले. परंतु तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी चाचणीस सामोरे न जाता राजीनामा दिलेला असल्यामुळे त्यांचे सरकार पुन्हा स्थापन करता येणार नाही, असेही सांगितले. या साऱ्या काळात, एवढे सारे बदलत असताना, मतदाराला कोणी एकदा तरी विचारले काय? पक्षाचे नाव कोणाचे, चिन्ह कोणाचे, यावर न्यायालयात वर्षानुवर्षे वाद चालले. मत कोणाचे, हा वाद मात्र कोणीच कोठे उपस्थित केला नाही.

आणि विधानसभेत ही धामधूम चालू असताना आपल्या शहरात काय होते? सोलापूर महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. संविधानाच्या अनुच्छेद २४३-यू प्रमाणे नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची आहे आणि ती संपण्यापूर्वी पुढील निवडणूक पूर्ण व्हावयास हवी. प्रत्यक्षात ती सुमारे चार वर्षे झाली नाही. इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागा आणि प्रभागांची रचना यांवरील वाद न्यायालयात पडून राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, पुढे ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढविली, तेव्हा कोठे मतपेटीचे दर्शन झाले. मधल्या चार वर्षांत प्रशासकाचा कारभार होता. गटार तुंबले तर जाब विचारावा असा लोकांनी निवडलेला मनुष्य नव्हता. उजनीचे धरण जिल्ह्यातच असूनही ज्या शहराने वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड नळाला पाणी पाहिले, त्या शहराच्या गरीब वस्तीला नगरसेवक नसणे म्हणजे काय, हे तुम्हांस आम्ही सांगावयास नको.

आपल्यापैकी कित्येक म्हणतील, नगरपालिकेचे एवढे महत्त्व कशाला? खरी सत्ता मुंबईस, नाही तर दिल्लीस. त्यांना आम्ही याच सोलापूर शहरातील एक जुनी गोष्ट स्मरण करून देऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्या सभेचे विद्यार्थी वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरास निघाले. मुंबईस नव्हे, पुण्यास नव्हे, सोलापूरास! आणि त्या वसतिगृहाच्या चालू खर्चाकरिता सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे साहाय्य दिले. चाळीस रुपये ही रक्कम आज हास्यास्पद वाटेल. परंतु हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलाला त्या काळी शहरात भाड्याने खोली मिळत नव्हती, खाणावळीत पानावर बसू देत नव्हते. त्याच्या पोटात जो घास गेला त्यात त्या चाळीस रुपयांचा भाग होता. तो ठराव ज्या सभागृहात मंजूर झाला ते सभागृह नगरपालिकेचे होते. पुढे १९३८ च्या जानेवारीत याच नगरपालिकेने बाबासाहेबांना मानपत्र दिले. ज्या सभागृहात तुमच्या मुलाच्या वसतिगृहाचा ठराव होऊ शकतो, त्याच सभागृहात तो नाकारलाही जाऊ शकतो. मग तेथे कोण बसतो याविषयी उदासीन राहणे परवडेल काय?

आता वतनाविषयी. आपल्या वडीलधाऱ्यांना महारवतन म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. जमिनीचा एक तुकडा आणि गावकीचे बलुते, यांच्या बदल्यात रात्री-अपरात्री येस्कराने धावावे, सरकारी हुकूम पोहोचवावेत, मेलेली ढोरे ओढावीत, आणि हे एकाने नव्हे तर साऱ्या कुटुंबाने, पिढ्यान् पिढ्या करावे, असा तो करार होता. तो कोणी सही करून केलेला नव्हता, तरी जन्माबरोबर अंगाला चिकटत होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेकौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, आणि तेव्हापासून या प्रश्नाचा पाठपुरावा सोडला नाही. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. त्या जमिनीच्या तुकड्यावर लोभ असणारे आपल्यातही होते. वतन गेले तर भाकरी गेली, असे ते म्हणत. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, ज्या भाकरीने मान वाकविली ती भाकरी महाग आहे.

आज आमचे मत पुन्हा वतन होत चालले आहे, हे आमचे म्हणणे आहे. जुन्या वतनात जमिनीचा तुकडा होता, नव्या वतनात एखाद्या महामंडळाची खुर्ची आहे, एखादे तिकीट आहे, एखाद्या मोठ्या नेत्याबरोबर काढलेले छायाचित्र आहे. तुकडा एकाच्या वाट्याला येतो आणि राबणे साऱ्या वस्तीच्या. अमुक वस्ती अमक्याची, असे बाहेरचे लोक सहज बोलतात आणि आम्हीही ते ऐकून घेतो. वस्ती अमक्याची कशी झाली? तिचे खरेदीखत कोठे आहे?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. पक्ष बदलणे हेच जर पाप, तर बाबासाहेबांनीही १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापिले आणि अखेरीस रिपब्लिकन पक्षाचा संकल्प केला. हे काय होते? उत्तर असे की पक्ष बदलणे हे पाप नव्हेच. पक्ष हे साधन आहे आणि झिजलेले साधन टाकून दुसरे घेण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. प्रश्न आहे तो बदल कसा होतो याचा. बाबासाहेबांनी प्रत्येक वेळी लोकांसमोर येऊन कारण सांगितले, कार्यक्रम छापून हाती दिला आणि मग मत मागितले. आधी कार्यक्रम, मग पक्ष, मग मत, असा तो क्रम होता. आज क्रम उलटा झाला आहे. आधी मत घ्यावयाचे, मग पक्ष बदलावयाचा, आणि कार्यक्रम विचारलाच तर विकास हा एक शब्द उच्चारावयाचा.

या कसोटीवर सोलापूरचाच इतिहास घासून पाहा. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मताधिकार मर्यादित होता, आपला मतदार बहुधा निरक्षर होता आणि काँग्रेसची लाट जोरात होती. तरीही मुंबई प्रांताच्या विधानसभेत सोलापूर ईशान्य मतदारसंघातून स्वतंत्र मजूर पक्षाचे जिवाप्पा ऐदाळे निवडून आले. पक्षाला जन्मून पुरते वर्षही झालेले नव्हते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईस खुद्द बाबासाहेबांचा पराभव झाला, आणि त्याच निवडणुकीत सोलापूरच्या द्विसदस्य मतदारसंघातून शेतकरी कामकरी पक्षाचे शंकरराव मोरे यांच्याबरोबर फेडरेशनचे पां. ना. राजभोज लोकसभेवर गेले. साऱ्या देशात फेडरेशनला लोकसभेच्या ज्या दोनच जागा मिळाल्या त्यांतील एक सोलापूरची होती. ही गोष्ट आपल्या मुलांस ठाऊक असावयास हवी. पण तिचा उत्तरार्धही त्यांस सांगितला पाहिजे: तेच राजभोज पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि १९५७ साली त्या पक्षातर्फे राज्यसभेचे सभासद झाले. व्यक्ती गेली. मतदार मात्र येथेच राहिला, आणि त्याने पुढे काय करावे हे त्याला कोणी विचारले नाही.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरास रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोन वर्षांच्या आत त्यात दुफळीचा आरंभ झाला. संयुक्त महाराष्ट्र समितीत आपण सामील झालो तेव्हा उद्देश स्पष्ट होता. १ मे १९६० रोजी तो सफल झाला. १९६७ साली दादासाहेब गायकवाडांच्या गटाने काँग्रेसशी समझोता केला, आणि तेथून समझोत्याचा अर्थ हळूहळू जागांची वाटणी एवढाच उरला. १९९८ च्या लोकसभेत काँग्रेसशी झालेल्या युतीतून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चार नेते एकदम निवडून आले. चौघे एका वेळी संसदेत! आनंदाने लोकांच्या डोळ्यांत पाणी आले होते. ते ऐक्य किती टिकले हे तुम्ही पाहिले आहे. आपल्या जिल्ह्यातील पंढरपूरने १९९९ व २००४ साली आठवले यांना राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर लोकसभेत पाठविले. पुढे ते भारतीय जनता पक्षाच्या आघाडीत गेले आणि केंद्रात राज्यमंत्री झाले. आम्ही कोणाच्या हेतूवर शंका घेत नाही. प्रत्येकाजवळ आपापले कारण असेल. ते कारण मतदारासमोर, मत मागण्यापूर्वी मांडले गेले काय, एवढेच आम्ही विचारतो.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. तो म्हणतो, तुम्ही स्वतंत्र लढा, पण तुमचे मत फुटले की तुमच्या विरोधकाचे फावते. २०१९ साली सोलापूर लोकसभेत असेच बोलले गेले. त्या वेळी भारतीय जनता पक्षाचे उमेदवार १,५८,६०८ मतांनी विजयी झाले, काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे दुसरे आले आणि वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर यांना १,७०,००७ मते पडली. २०२४ साली वंचितच्या उमेदवाराने माघार घेतली आणि काँग्रेसच्या प्रणिती शिंदे ७४,१९७ मतांनी निवडून आल्या. पुढे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विधानसभेत सोलापूर शहर उत्तर, शहर मध्य व दक्षिण या तिन्ही जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. या आकड्यांतून कोणी म्हणेल, एकत्र आलो म्हणून जिंकलो. दुसरा म्हणेल, एकत्र असूनही सहा महिन्यांत हरलो. दोघांचेही अर्धेच खरे आहे. १,७०,००७ मतांना मत फोडणारी मते म्हणणारे एक गोष्ट गृहीत धरतात, ती अशी की ती मते मुळात दुसऱ्या कोणाची होती. हीच ती वतनाची भाषा! जो पक्ष आम्हांस मत फोडल्याचा दोष देतो, त्याने आधी हे दाखवावे की ते मत मिळविण्याकरिता त्याने कोणता लेखी करार आम्हांसमोर ठेवला होता.

म्हणून आमचे मत असे आहे. एकटे लढणे हा काही धर्म नव्हे आणि युती हा काही अधर्म नव्हे. दोन्ही मार्ग बाबासाहेबांनी चोखाळले. पण युती करावयाची तर तिच्या अटी कागदावर असाव्यात, त्या मतदानापूर्वी छापून प्रत्येक घरी जाव्यात, तिची मुदत ठरलेली असावी आणि अटी मोडल्या तर काय होईल हेही लिहिलेले असावे. अशा युतीत मतदार भागीदार असतो. कागदाविना झालेल्या युतीत तो गाठोड्यातील दाणा असतो. गाठोडे ज्याच्या खांद्यावर, त्याच्या बाजारी तो विकला जातो.

कोणी म्हणेल, पक्षांतराला आळा घालावयास कायदा आहे. आहे खरा. १९८५ साली संविधानास दहावी अनुसूची जोडली गेली, २००३ साली तीतील एकतृतीयांश फुटीची पळवाट बुजविली गेली. नगरसेवकांना लागू होणारा महाराष्ट्राचा वेगळा कायदा १९८६ पासून आहे. पण कायदा एकट्याने जाणाऱ्याला अडवितो आणि घोळक्याने जाणाऱ्याला वाट देतो. जानेवारी २०२६ मध्ये अंबरनाथ नगरपरिषदेत काय झाले ते पाहा. एरवी एकमेकांचे कट्टर वैरी म्हणविणाऱ्या भारतीय जनता पक्षाचे व काँग्रेसचे नगरसेवक सत्तेसाठी एकत्र आले. काँग्रेसने आपल्या १२ नगरसेवकांना निलंबित करताच ते भारतीय जनता पक्षात दाखल झाले. पुण्यात राज्याच्या मंत्रिमंडळात शेजारी बसणारे पक्ष महापालिकेसाठी एकमेकांविरुद्ध लढले, आणि राष्ट्रवादीचे फुटलेले दोन गट पुन्हा एकत्र लढले. कायद्याच्या भिंतीवरून उडी मारता येते. वस्तीतील माणसांच्या नजरेवरून उडी मारणे अधिक कठीण असते, जर ती नजर जागी असेल तर.

भगवान बुद्धांच्या काळी वज्जींचे गणराज्य होते. जोवर वज्जी वरचेवर सभेत जमतील, एकमताने जमतील, एकमताने उठतील, तोवर त्यांची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असे तथागतांनी सांगितल्याचे महापरिनिब्बान सुत्तात आहे. पुढची कथा अट्ठकथेत येते. मगधाचा अमात्य वस्सकार वज्जींत येऊन राहिला. त्याने सैन्य आणले नाही. त्याने एकेकाला बाजूला घेऊन दुसऱ्याविषयी कुजबुज केली, आणि तीन वर्षांत असे झाले की संकटाची भेरी वाजली तरी सभेला कोणी आले नाही. आजचे वस्सकार आपल्या वस्तीत निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस येतात. एका तरुण मंडळाला ढोल देतात, दुसऱ्याला खुर्च्या देतात, उपजातीची आठवण करून देतात, आणि जुने बौद्ध व नवे बौद्ध असा भेद कानात सांगून जातात.

या शेवटच्या भेदाविषयी विशेष बोलले पाहिजे. आपल्या वाचकांत १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेचा वारसा सांगणारी घरे आहेत, तशीच कालपरवा दीक्षा घेतलेलीही आहेत. नव्या घरांना पहिली भीती घातली जाते ती अशी: धर्म बदललात, आता राखीव जागा गेल्या. ही भीती एके काळी खरी होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. १९६२ साली नागपूरच्या राखीव मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांची निवड, त्यांनी १९५७ साली बौद्ध धम्म स्वीकारला या कारणास्तव, सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली. त्या काळी कित्येकांसमोर असा पेच होता की उमेदवारी अर्जावर हिंदू लिहावे आणि राखीव जागा लढवावी, की बौद्ध लिहावे आणि ती सोडावी. ज्यांनी बौद्ध लिहिले त्यांची आज आठवण ठेवा. कारण त्यांच्याच निष्ठेमुळे हा प्रश्न जिवंत राहिला आणि १९९० साली कायदा बदलला. तेव्हापासून अनुसूचित जातीच्या बौद्धास राखीव जागेवर उभे राहता येते. म्हणून जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र यांचे कागद वेळीच पुरे करा आणि धम्माचे नाव लिहावयास कचरू नका. ज्याला त्या कागदांची माहिती नाही त्याला शेजाऱ्याने मदत करावी. दलालाकडे जावयास लावू नये.

आता प्रत्यक्ष कर्तव्याविषयी. पहिली गोष्ट मतदान कसे करावयाचे हे समजून घेणे. १९५२ साली मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात दोन मते दोघांना द्यावयाची असताना ती एकालाच दिली गेल्यामुळे हजारो मते बाद झाली, हा धडा बाबासाहेबांच्या पराभवाने आपणांस दिला आहे. आज सोलापुरात २६ प्रभाग आहेत, त्यांतील बहुतेक चार जागांचे आहेत. अ, ब, क, ड अशा चार जागा आणि चार मते. एक मत आपल्या माणसाला दिले आणि उरलेली तीन चिन्ह पाहून देऊन टाकली, तर पुढची पाच वर्षे त्या तिघांना आपण काय विचारणार? राखीव जागेवरचा उमेदवार आपला आणि बाकीचे ज्याचे त्याचे, ही समजूत टाकून द्या. पाण्याचा नळ जातीच्या जागेवरून येत नाही. चारही मते विचाराने द्या, आणि कोणीही योग्य नसेल तर वरीलपैकी कोणीही नाही हे बटणही आपलेच आहे हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट मतदारयादी. महापालिकेसाठी विधानसभेचीच यादी प्रभागवार विभागली जाते. गिरण्या बंद पडल्यावर आपली कित्येक घरे पुण्या-मुंबईस गेली, काही वस्त्या हलल्या, सुना आल्या, लेकी गेल्या. नाव नसल्याचे मतदानाच्या दिवशी कळते तेव्हा संतापाचा उपयोग नसतो. नव्या नावासाठी नमुना ६ आणि बदलासाठी नमुना ८ हे दोन अर्ज प्रत्येक शिकलेल्या मुलामुलीने भरावयास शिकावे. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी सुटीत आपल्या गल्लीतील पन्नास घरांची यादी तपासली, तर ती बाबासाहेबांना वाहिलेली खरी आदरांजली होईल.

तिसरी गोष्ट लेखी वचन. मत मागावयास येणाऱ्यास घरोघर भेटू नका. साऱ्या वस्तीच्या सभेस बोलवा. ही सभा विहारात घेऊ नका. विहार हे उमेदवाराचे व्यासपीठ नव्हे, आणि धर्माच्या नावाने मत मागणे कायद्यासही मान्य नाही. समाजमंदिरात किंवा चौकात बसा. तेथे त्यास विचारा: नळाला पाणी किती दिवसांआड येते, ते किती दिवसांनी येईल? आमच्या वस्तीच्या सुधारणेसाठी येणारा निधी कोठे खर्च झाला? महापालिकेच्या शाळेत शिक्षक किती आहेत? सफाई कामगारांना हक्काची रजा व साधने मिळतात काय? आणि शेवटचा प्रश्न: पक्ष सोडावा लागला तर आधी याच सभेपुढे येऊन कारण सांगशील काय, आणि सभेने नको म्हटले तर पद सोडशील काय? उत्तरे लिहून घ्या, सही घ्या, आणि दरवर्षी २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, तोच कागद त्याच्या समक्ष वाचून दाखवा. हा कागद न्यायालयात टिकणार नाही हे आम्हांस ठाऊक आहे. तो लोकांच्या स्मरणात टिकेल, आणि नगरसेवक न्यायालयापेक्षा स्मरणाला अधिक भितो.

चौथी गोष्ट भगिनींसाठी. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. पाण्याची वाट पाहणारी, हंडे भरणारी, मुलाला शाळेत पोहोचविणारी बाईच असते. मग सभेत तिच्याऐवजी तिचे यजमान का बोलतात? ज्या उमेदवार बाईंच्या वतीने त्यांचे पती उत्तर देऊ लागतील, त्यांना नम्रपणे सांगा की, आम्हांस बाईंचे म्हणणे ऐकावयाचे आहे. आणि आपल्या घरातील मत कोणाला द्यावयाचे हे घरातील पुरुषाने ठरवू नये. तेही एक छोटे वतनच आहे.

पाचवी गोष्ट पैशाची. मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट येते. गरिबाला त्याचा मोह पडावा यात नवल नाही, आणि आम्ही त्याला दूषण देऊन मोकळे होणार नाही. पण हिशेब करून पाहा. पाच वर्षांचे दिवस १,८२६ होतात. हजार रुपये घेतले तर दिवसाला एक रुपयाही पडत नाही. एवढ्यात आपण नळाचे पाणी, मुलाची शाळा, गटार, दिवा आणि तक्रार करण्याचे तोंड हे सारे विकतो. ज्याने आपले मत विकत घेतले त्याच्याकडे नंतर मागणे मांडावयास गेलो तर तो म्हणेल, व्यवहार तेव्हाच पुरा झाला. आणि त्याचे म्हणणे खोटे असणार नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविरुद्ध इशारा दिला होता. धर्मात भक्तीचा मार्ग कोणाला तारीत असेल, राजकारणात तो अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हा इशारा त्यांनी इतरांसाठी दिला होता असे आपण समजत आलो. तो आपल्यासाठीही होता. आपल्या नेत्यांवर प्रेम करा, त्यांचा सन्मान करा, त्यांच्यावर अन्याय झाला तर रस्त्यावर या. पण मत त्यांच्या पायाशी ठेवू नका. ते हातात ठेवा, आणि हात मतदानकेंद्रापर्यंत स्वतःच्या पायांनी न्या.

सोलापूरच्या राजवाड्यांतून आणि चाळींतून एकेकाळी गिरणीत राबणारा, रात्री दिव्याखाली अक्षरे गिरविणारा जो मतदार १९३७ व १९५२ साली उभा राहिला, त्याच्यापाशी दूरदर्शन नव्हते, भ्रमणध्वनी नव्हता, पुढाऱ्याबरोबर काढलेले छायाचित्र नव्हते. त्याच्यापाशी एक चिठ्ठी होती आणि ती कोणाच्या पेटीत टाकावयाची याचे भान होते. आपण त्याची नातवंडे आहोत. वतन सोडून ज्यांनी स्वाभिमान घेतला त्यांच्या घरात नवे वतन शिरू देऊ नये, एवढीच आमची विनंती आहे. पुढच्या निवडणुकीपर्यंत वेळ आहे. पहिली सभा या महिन्यात घ्या.

जय भीम.